प्रकल्प नोंदी : कमावती दुर्गा खोटे

प्रकल्प : दृष्टिहीन श्रोत्यांच्या बोलक्या ग्रंथालयासाठी अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्यावर चार भागांची श्राव्यमालिका. संहिता माझी, वाचन ताईंचं, ध्वनिमुद्रण आणि संकलन स्टुडिओतल्या मुलाचं. प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा. त्यांच्या स्मृतिदिनाच्या, म्हणजे २२ सप्टेंबरच्या आत पूर्ण व्हायला हवं.

३ जून

विषयावर समितीचं एकमत झालं. शीर्षकावर झालं नाही. कागदावर आलेलं शीर्षक असं : ‘खानदानी घरातली पहिली नायिका’. दुर्गाबाईंवरचा कुठलाही लेख उघडा, पहिल्या परिच्छेदात हेच असतं. खोटं नाही ते. पण त्यात माहेरच्या लाडांच्या आणि सासरच्या खोट्यांच्या घराण्याबद्दल जास्त कळतं, बाईंबद्दल कमी. १९३१ ला पडद्यावर आलेली बाई १९८० साली ‘कर्ज’मध्ये उभी आहे. मधली पन्नास वर्षं ‘खानदान’ या एका शब्दावर निघत नाहीत. ती कामावर निघाली. काम मागणं, काम निवडणं, पैसे ठरवणं, नवं काम शोधणं, स्वतःची कंपनी काढणं, हे सगळं त्यात आलं.

मी ‘कमावती’ सुचवलं. एक सदस्य म्हणाले, “जरा रुक्ष वाटतं हो.” वाटू दे. तात्पुरतं ठेवलं आहे.

८ जून

भाग पहिला, बालपण. हे पटकन उरकायचं ठरवलं आहे. जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबई. माहेरचं नाव विठा लाड. वडील पांडुरंग लाड सॉलिसिटर. कुटुंब मूळचं गोव्याचं, घरात कोकणी. गिरगावात कांदेवाडीतलं मोठं एकत्र कुटुंब. शाळा कॅथीड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. कॉलेजात असतानाच लग्न, नवरा विश्वनाथ खोटे, शिक्षणाने इंजिनियर. बकुल आणि हरिन हे दोन मुलगे. पुढे सासरची आर्थिक बाजू ढासळली आणि घर चालवायची जबाबदारी अंगावर आली.

याची तीन पानं झाली होती, ती एकावर आणली. कांदेवाडी मात्र ठेवली आहे. ती तिसऱ्या भागात लागणार आहे.

१५ जून

‘फरेबी जाल’, १९३१, दिग्दर्शक मोहन भवनानी. ‘आलम आरा’ त्याच वर्षीच्या मार्चमधला, त्यामुळे सगळ्यांनाच बोलपटाची घाई. मूकपट तयार होता, त्याला शेवटी बोलका तुकडा जोडायचा होता, आणि त्या तुकड्यात दुर्गाबाईंची लहानशी भूमिका. ती त्यांनी घेतली ती पैशासाठी. कलेची ओढ, अंतरीची हाक वगैरे मागाहून चिकटवायची गरज नाही.

जाहिरातीत मात्र नटीपेक्षा तिच्या माहेर-सासरच्या नावांचा गाजावाजा. चित्रपट पडला, आणि समाजाने बोल लावला तो बाईंना. ज्या नावांवर तिकिटं विकायची होती त्याच नावांच्या बदनामीचा ठपका तिच्यावर! ‘खानदानी नायिका’ या शीर्षकाला माझा विरोध का, ते समितीला आज या प्रसंगावरून पटलं असं वाटतं. ती जाहिरात आपण पुन्हा छापायला नको.

ताईंनी हा भाग वाचताना आवाज दुःखी केला. त्यांना म्हटलं, सरळ वाचा. यात रडण्यासारखं कमी आहे, चिडण्यासारखं जास्त.

२२ जून

आज दिवसभर तारामती.

‘अयोध्येचा राजा’, १९३२. प्रभात फिल्म कंपनी, तेव्हा कोल्हापुरात. पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या, म्हणजे तेच प्रसंग दोन भाषांत दोनदा करायचे. पार्श्वगायन अजून यायचं होतं, त्यामुळे गाणंही नटीनेच म्हणायचं, चित्रीकरण चालू असतानाच, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवून. रोहिदासाला निजवण्याची अंगाई दुर्गाबाईंच्याच आवाजात आहे. आवाज गायिकेचा नाही. सूर जपून लावलेला, पण शब्द स्वच्छ, आणि त्यात गळ्याची करामत दाखवण्याची हौस नाही. मला तो आवडतो.

श्रोत्यांना हे सांगायलाच हवं : फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’तली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण पडद्यावर यायला बाई मिळत नव्हती. एकोणीस वर्षांनी तीच तारामती झेवियर्समध्ये शिकलेली, दोन मुलांची आई करते. रंगभूमीवरही तेव्हा बदल चालू होता. हिराबाई बडोदेकरांनी बहिणींना घेऊन नाटक कंपनी काढली होती, आणि १ जुलै १९३३ ला ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. दुर्गाबाई एकट्याच दार फोडून आत शिरल्या असं लिहिलं की इतर बायका पुसल्या जातात. परिच्छेद त्याप्रमाणे केला.

हक्कांचं काम : आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९३२ च्या चित्रपटाला अडचण नाही. ‘बॉबी’ १९७३ चा, त्यातला तुकडा वापरायचा नाही, वर्णनावर भागवायचं.

२७ जून

कच्चा पहिला भाग तीन श्रोत्यांना ऐकवला. एक काका जन्मापासून दृष्टिहीन आहेत, जुन्या नाट्यसंगीताचे दर्दी. त्यांनी ‘देखणी’, ‘राजबिंडी’, ‘तेजस्वी’ हे सगळे शब्द बाजूला सारले. म्हणाले, “साडी, दागिने, चेहरा सांगू नका मला. ती कुठे उभी आहे, कोणाकडे तोंड करून बोलते, समोरचा गप्प का झाला, ते सांगा.”

पुढच्या सगळ्या संहितांसाठी हाच नियम. यातून काही जागा आपोआप सुधारल्या. ‘माया मच्छिंद्र’मध्ये (१९३२) दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या राणी आहेत आणि राणीचा पाळीव चित्ता आहे. आधी मी राणीच्या थाटावर लिहिलं होतं. आता लिहिलं आहे की शेजारी खराखुरा चित्ता असताना तिला संथ आवाजात हुकूम सोडायचे आहेत. काका हसले. चित्ता त्यांना बरोबर दिसला, असं त्यांचेच शब्द.

४ जुलै

दुसरा भाग. मालिकेचा कणा इथे आहे, म्हणून घाई केली नाही.

त्या काळी नटनट्या कंपनीच्या नोकर. महिन्याचा पगार, हजेरी, कंपनी सांगेल ती भूमिका, करार संपेपर्यंत दुसरीकडे पाऊल नाही. दुर्गाबाईंचा प्रवास पाहा. प्रभातनंतर कलकत्ता : न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’ (१९३३), दिग्दर्शक देवकी बोस. मग ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा ‘सीता’ (१९३४), पुन्हा देवकी बोस, राम पृथ्वीराज कपूर. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मग परत प्रभात, ‘अमरज्योती’ (१९३६). पुढे अत्रे पिक्चर्स, प्रकाश पिक्चर्स, मिनर्व्हा मूव्हिटोन. कुठल्याही एका कंपनीच्या दावणीला न बांधता चित्रपटागणिक करार करून काम करणाऱ्या पहिल्या काही कलाकारांत त्या होत्या.

यात धोका होता. काम नाही तर पगार नाही, आणि घरी दोन मुलं. पण भाव ठरवायचा आणि नाही म्हणायचा हक्क आपल्या हातात. अभिनयाच्या गुणवर्णनापेक्षा मला हा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या चांगल्या अभिनेत्री होत्या यावर कोणाचंच दुमत नाही. चांगल्या अभिनेत्री इतरही होत्या. त्यांतल्या कितीतरी कंपनीबरोबर वर आल्या आणि कंपनीबरोबर संपल्या.

दशकाच्या अखेरीस ‘साथी’च्या निमित्ताने त्या निर्मितीतही उतरल्या. एक वाक्य, पुरे.

९ जुलै

‘अमरज्योती’ पुन्हा ऐकला. बघितला नाही, मुद्दाम पडद्याकडे पाठ करून ऐकला.

सौदामिनी ही राजघराण्यातली बाई. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर लहान मुलाचा ताबा मागते. न्यायमंत्री दुर्जय (चंद्रमोहन) तिला सांगतो की कायद्याने बायकोला असा काही हक्क नाही. ती समुद्रावर निघून जाते, चाच्यांची टोळी उभी करते, आणि दुर्जय हाती लागल्यावर त्याचा पाय तोडते. १९३६ सालचं हे! कथानक पुढे शांताराम-पद्धतीने समजुतीच्या वाटेला लागतं, ते मला तेवढं भावत नाही. पण पहिल्या अर्ध्या भागातला दुर्गाबाईंचा आवाज ऐकण्यासारखा. विनवणीतही तो खाली पडत नाही. हक्क मागते आहे, भीक नाही, हे शब्दांआधी आवाजातून कळतं.

दोन मिनिटांचा तुकडा निवडला. खरखर खूप आहे. संकलक मुलगा सगळी साफ करायला निघाला होता, अर्ध्यावर थांबवलं. फार धुतलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

१४ जुलै

१९४१ ते ४३. यावर ताईंशी वाद झाला, चांगला झाला.

‘पायाची दासी’ (१९४१), अत्र्यांचा. सून वनमाला, आणि छळणारी सासू दुर्गा खोटे. वय ३६. ताईंचं म्हणणं, नायिकेच्या भूमिका यायच्या थांबल्या म्हणून सासू केली असणार. बायकांचं असंच होतं. मी पुढच्या दोन वर्षांचा कागद समोर ठेवला. १९४२, विजय भट्टांचा ‘भरतमिलाप’ : कैकेयी. आठ वर्षांपूर्वी ज्या बाईने सीता केली तीच कैकेयी करते. १९४३, सोहराब मोदींचा ‘पृथ्वीवल्लभ’ : मुंजाला नमवायला निघालेली मृणालवती, आणि तिचे मोदींबरोबरचे समोरासमोरचे सवाल-जवाब. या उतरत्या काळातल्या भूमिका नव्हेत. चित्रपटाचा तोल सांभाळणाऱ्या भूमिका आहेत, फक्त नायकाच्या गळ्यात हात टाकणाऱ्या नाहीत.

ताई म्हणाल्या, “म्हणजे तिने स्वतःहून पुढचं दुकान मांडलं.” वाक्य संहितेत घेतलं, त्यांच्याच तोंडी आहे.

पडद्यावरच्या आईच्या भूमिकांकडे आपण सवयीने उरलंसुरलं काम म्हणून बघतो. दुर्गाबाईंच्या बाबतीत त्या भूमिकांनीच त्यांना पुढची जवळजवळ चाळीस वर्षं कामात ठेवलं. बरोबरीच्या किती नायिकांची नावं आज श्रोत्यांना ओळखीची आहेत, हा प्रश्न भागात विचारला आहे आणि उत्तर न देता सोडला आहे.

२६ जुलै

रंगभूमी. सगळ्यात अवघड भाग. पाऊस मुसळधार, स्टुडिओत वीज जाते-येते, त्यामुळे बसून लिहायला वेळ मिळाला.

अडचण उघड आहे : चित्रपटाचा आवाज आहे, नाटकाचा नाही. म्हणून लेखांत रंगभूमीला दोन ओळी मिळतात, ‘नाटकांतही कामे केली’ वगैरे. १९५८ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मराठी रंगभूमीवरच्या अभिनयासाठी मिळाला. दोन ओळींचं काम असतं तर मिळाला असता का? पडद्यावर नाव झालेलं असताना, चित्रपटांची कामं हातात असताना त्या नाटकाकडे आल्या. इप्टा या लोकनाट्य संघटनेशी जवळचा संबंध होता, आणि गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ होता. डॉ. अ. ना. भालेराव मरगळलेल्या मराठी नाटकात पुन्हा जीव आणायला झटत होते, नाट्यमहोत्सव भरवत होते. केळेवाडीतल्या संघाच्या उघड्या रंगमंचावर जुनी नाटकं नव्या संचात उभी राहत होती.

त्यातलं ‘भाऊबंदकी’. खाडिलकरांचं, १९०९ चं. तेव्हा महाराष्ट्र नाटक मंडळीत आनंदीबाईही पुरुषच करत. संघाच्या प्रयोगात आनंदीबाई दुर्गा खोटे. समोर राघोबा नानासाहेब फाटक, ज्यांचा आवाज शेवटच्या रांगेच्याही मागे पोचायचा. खाडिलकरी वाक्यं लांब, अलंकारिक, श्वास कुठे घ्यायचा हे ठाऊक नसेल तर नट मध्येच गळपटतो. सिनेमाचा मायक्रोफोन पुटपुटणंही टिपतो. इथे आनंदीबाईचं कारस्थान कुजबुजीसारखं वाटायला हवं आणि तरी वाडीच्या टोकापर्यंत ऐकू जायला हवं. शिवाय नारायणरावाच्या खुनामागची बाई प्रेक्षकाला आधीच ठाऊक, ‘ध चा मा’ पोराटोरांनाही माहीत. म्हणजे काय होणार यात गंमत नाही, ती ते कशी घडवते यातच सगळं.

कांदेवाडीचं कारण हे. ज्या गल्लीत विठा लाड वाढली तिचं नाव पुढे खाडिलकर रोड झालं. ‘नवाकाळ’चे खाडिलकर, ‘भाऊबंदकी’चे खाडिलकर. केळेवाडी तिथून चालत जाण्यासारखी. श्रोत्यांना गिरगावचा नकाशा दिसत नाही, पण पावलांचं अंतर कळतं.

३० जुलै

‘राजमुकुट’, १९५४. शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेलं. दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल हे इंग्रज गृहस्थ. नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे. आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ एकाच बाईने, त्याच नटासमोर कराव्यात यात मला संघाचा मोठा शहाणपणा दिसतो. दोघी नवऱ्याला गादीकडे ढकलणाऱ्या. पण आनंदीबाई शेवटपर्यंत हिशेब करते, आणि दुसरीचं झोपेत हात धुणं थांबत नाही.

आता हे ऐकवायचं कसं? खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांचं लेखन मुक्त झालं आहे. तेव्हा ‘भाऊबंदकी’तला आनंदीबाईचा एक प्रवेश ताई वाचतील. शिरवाडकर १९९९ साली गेले, त्यामुळे ‘राजमुकुट’मधलं काही वाचायचं नाही, प्रसंग आपल्या शब्दांत सांगायचा.

ताईंना एक सूचना : दुर्गाबाईंची नक्कल नको. त्यांनी ते कसं म्हटलं असेल याचा आव आणायचा नाही. वाचन सुरू होण्याआधी स्पष्ट सांगायचं की हा वाचिकेचा आवाज आहे. समितीतल्या एकांना नाट्यमय रूपांतर, पार्श्वसंगीत, तलवारींचे आवाज हवे होते. नाही म्हटलं. नाही जमायचं ते.

८ ऑगस्ट

‘मुगल-ए-आझम’. ५ ऑगस्ट १९६० ला प्रदर्शित. वर्धापनदिनाच्या आसपास आपोआप यावर आलो.

जोधाबाईवर फार लिहायचं नाही, सगळ्यांना पाठ आहे. एकच गोष्ट उलगडून दाखवली. अकबर पृथ्वीराज कपूर, जोधाबाई दुर्गा खोटे. हेच दोघं सव्वीस वर्षांपूर्वी राम-सीता होते. पृथ्वीराजांचा आवाज महाल भरून टाकणारा. त्याच्यापुढे आवाज चढवून जिंकता येत नाही, त्या चढवत नाहीतही. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये सापडलेली बाई वाक्य संपवताना किंचित थांबते, आणि त्या जागेत अकबराला उत्तर द्यावं लागतं. काकांनी तो तुकडा दोनदा मागितला. म्हणाले, ही नानासाहेब फाटकांसमोर उभी राहून आलेली बाई आहे. पुरावा नाही, पण मला पटलं.

१७ ऑगस्ट

चौथ्या भागाची पाच मिनिटं कापा असा निरोप आला. नेमकी व्यवसायाची पाच मिनिटं. “जाहिरातपटांचा कलेशी काय संबंध?”

कापली नाहीत. पन्नाशीकडे झुकताना त्यांनी फॅक्ट फिल्म्स काढली, पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. लघुपट, माहितीपट, जाहिरातपट. नटीच्या उतारवयाची आपली ठरलेली कहाणी म्हणजे विपन्नावस्था, विसर पडणं, मदतनिधी. इथे ती नाही, आणि का नाही याचं उत्तर याच पाच मिनिटांत आहे. दूरदर्शनवरचं १९८८ चं ‘वागले की दुनिया’ याच संस्थेचं, हे सांगितल्यावर बैठकीत दोघंतिघं एकदम “अरे!” म्हणाले. ‘कमावती’ या शीर्षकावरचा आक्षेपही तिथेच मिटला.

२५ ऑगस्ट

एका तरुण श्रोत्याचा प्रश्न : ‘शोले’तला कालिया यांचा कोण? विजू खोटे हे दुर्गाबाईंचे दीर नंदू खोटे यांचे चिरंजीव, म्हणजे पुतण्या. शुभा खोटे पुतणी. आणि विजया मेहता या त्यांच्या धाकट्या सूनबाई, हरिन यांच्याशी त्यांचं पहिलं लग्न झालं होतं; हरिन अकाली गेले. हे चार वाक्यांत, भागाच्या शेवटी. घराण्याची वंशावळ गायची नाही, पण एका घरातून मराठी नाटक-सिनेमाला किती माणसं मिळाली हे कळू दे.

२ सप्टेंबर

मानसन्मान एका दमात : पद्मश्री १९६८, ‘बिदाई’साठी (१९७४) सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर, दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ चा. फाळक्यांच्या तारामतीचा धागा इथे पुन्हा जोडावा, असं ताईंना वाटत होतं. मला ते फार जुळवून आणल्यासारखं वाटलं, गाळलं.

‘बॉबी’तल्या मिसेस ब्रॅगान्झासाठी जास्त जागा दिली. गोव्याच्या मुळाची बाई मुंबईतली ख्रिस्ती आजी करते, आणि ती विनोदी बाहुली होऊ देत नाही. हिंदी सिनेमात अशा आजीचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

आत्मचरित्राचा (‘मी, दुर्गा खोटे’) उल्लेख प्रत्येक भागाच्या शेवटी, ग्रंथालयात श्राव्य प्रत कुठे मिळेल त्यासह.

१३ सप्टेंबर

अंतिम मिश्रण. ताईंचा घसा बसला होता म्हणून ‘भाऊबंदकी’चा प्रवेश पुन्हा घेतला, दुसरा घेतलेला जास्त चांगला, कारण जोर लावताच येत नव्हता आणि आनंदीबाई थंड झाली. तुकड्यांच्या आधी चित्रपटाचं नाव, साल आणि बोलणाऱ्या पात्राचं नाव सांगायचं, नाहीतर दोन बायकांच्या संवादात श्रोता हरवतो. वाचनाचा वेग काकांच्या सांगण्यावरून थोडा वाढवला. ते म्हणतात, डोळस माणसं आमच्यासाठी उगाच सावकाश बोलतात.

राहिलेलं : तिसऱ्या भागात पावसाचा आवाज दोन ठिकाणी आला आहे, तो काढणं. चारही भागांची नावं ब्रेलमध्ये छापायला देणं. २२ तारखेच्या सकाळी फाइली चढवणं.